आयन कोणता, ते आधी सांगा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते हे दाखवून देणाऱ्या तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा ही त्यांची नावं. ही हकिगत सांगताना एक घटक नेहमी मागे राहतो. पाठ्यपुस्तकात त्याला एखादं वाक्य मिळतं, आकृतीत कंसाबाहेर एक छोटं वजाचिन्ह मिळतं. त्याचं नाव प्रतिआयन. आजचं व्याख्यान त्याच्याविषयी आहे. या व्याख्यानमालेला ज्या प्राध्यापकांचं नाव आहे त्यांनी जन्मभर पदवीच्या मुलांना रसायन शिकवलं, त्यामुळे इथे आकडे आणि रसायनांची नावं टाळून बोलण्याची गरज नाही असं मी धरून चालतो.

मूळ घटना थोडक्यात सांगतो. १९६७ साली टोकियोत शिराकावा काम करत असलेल्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूचं पॉलिमर करताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा हाती आला. चमक धातूची होती, वाहकता मात्र धातूच्या जवळपासही नव्हती. पुढे मॅकडायर्मिड यांनी शिराकावांना अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावलं. तिथे १९७६ च्या नोव्हेंबरात तो पापुद्रा ब्रोमिनच्या वाफेत धरला, तेव्हा त्याची वाहकता एक कोटीपट वाढली. आयोडिननेही तेच काम केलं. १९७७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि एक नवं शास्त्र सुरू झालं.

आता आयोडिनने नेमकं काय केलं ते पाहू. पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बनचे अणू एकाआड एक दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. आयोडिन त्या साखळीतला इलेक्ट्रॉन काढून घेतं. इलेक्ट्रॉन गेला की साखळीवर धनभार उरतो आणि तो साखळीवरून सरकू शकतो. वाहकता येते ती त्यामुळे. पण इलेक्ट्रॉन घेतलेलं आयोडिन कुठे जातं? कुठेही जात नाही. तीन अणूंचा ट्रायआयोडाइड किंवा पाच अणूंचा पेंटाआयोडाइड होऊन ते ऋण आयन साखळ्यांच्या मधल्या जागेत ठाण मांडतं. एकूण पदार्थ विद्युतदृष्ट्या उदासीन राहायचा तर त्याला तिथे राहावंच लागतं. जितके धनभार, तितके ऋणभार.

सिलिकॉनच्या जगातून आलेल्या माणसाला इथे एक चकवा होतो. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळतात तो दहा लाखांत एखादा अणू किंवा त्याहूनही कमी, आणि तो सिलिकॉनच्याच जागी स्फटिकात बसतो. त्यालाही आपण डोपिंग म्हणतो आणि यालाही. पण पॉलिपायरोल नावाच्या पॉलिमरमध्ये दर तीन-चार कड्यांमागे एक प्रतिआयन असतो. तो आयन टोसिलेट असेल तर हिशेब मांडून पाहा. पायरोलच्या एका कड्याचं वजन ६५, टोसिलेटचं १७१. म्हणजे त्या फिल्मच्या वजनाचा चाळीस ते सत्तेचाळीस टक्के भाग हा निव्वळ प्रतिआयनाचा असतो. निम्म्याच्या आसपास वजन ज्याचं आहे, त्याला आपण मिसळ किंवा अशुद्धी कसं म्हणणार? तो त्या पदार्थाचा घटकच आहे. मी ही गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रतिआयनाचं पहिलं आणि सर्वांना सुचणारं काम म्हणजे ओढ. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. सिलिकॉन ही ओढ सुमारे बारा पटींनी सौम्य करतो, त्यामुळे फॉस्फरसचा इलेक्ट्रॉन त्याच्यापासून साधारण दोन नॅनोमीटर अंतरावर सैलसर फिरतो आणि ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेत सुटतो. बहुतेक पॉलिमर ती ओढ फक्त तीन-चार पटींनी सौम्य करतात. साखळीवरचा धनभार आणि आयन यांच्यात अर्धा नॅनोमीटर अंतर धरलं, तर दोघांना बांधणारी ऊर्जा ०.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघते. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा ०.०२५, म्हणजे बांधणारी ऊर्जा जवळजवळ चाळीसपट. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीइतकंच चरतं, तशी या धनभाराची गत व्हायला हवी. अंतर एक नॅनोमीटर केलं तर ऊर्जा निम्मी होते, दोन केलं तर पाव. तरीही ती उष्णतेच्या दहापट उरतेच.

या गणितावरून एक सरळ सल्ला निघतो: आयन मोठा घ्या, म्हणजे तो दूर बसेल आणि भार मोकळा होईल. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो किती अपुरा आहे हे कळायला चाळीसेक वर्षं लागली. मधली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याकडे आधी जातो.

१९७९ साली कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत आर्थर डियाझ आणि सहकाऱ्यांनी पायरोल विद्रावकात घेऊन त्यातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या पत्र्यावर काळी, चिवट, सोलून काढता येणारी फिल्म जमली. वाहकता सेंटिमीटरला शंभर सिमेन्सच्या घरात. या पद्धतीत फिल्म वाढत असतानाच भोवतालच्या क्षारातला ऋण आयन तिच्यात शिरतो. पायरोल तेच ठेवा, भांडं तेच ठेवा, फक्त क्षार बदला, की फिल्म बदलते. परक्लोरेट स्वतःच ऑक्सिडीकारक, तो साखळीला हळूहळू खातो. टोसिलेटमध्ये चपटं बेन्झीन कडं असतं. त्याच्या सोबतीने वाढलेली फिल्म अधिक नीटस रचली जाते आणि हवेत खूप जास्त टिकते. पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या कपॅसिटरमध्ये अशी वाहक पॉलिमरं वापरात आली, तेव्हा टोसिलेटसारख्या, बेन्झीन कडं असलेल्या सल्फोनेटांचा हा टिकाऊपणा कामी आला.

यापेक्षाही बोलकं उदाहरण पॉलिॲनिलीनचं. या पॉलिमरला वाहक करायला त्यातून इलेक्ट्रॉन काढावा लागत नाही, आम्ल घालावं लागतं. आम्लातला प्रोटॉन साखळीतल्या नायट्रोजनवर बसतो आणि आम्लाचा उरलेला भाग प्रतिआयन होतो. निळा, विद्युतरोधी पदार्थ हिरवा आणि वाहक होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर प्रतिआयन क्लोराइड. क्लोराइडचं पॉलिॲनिलीन जवळजवळ कशातच विरघळत नाही आणि तापवलं तर त्यातून आम्लच उडून जातं. भुकटी मिळते, पण तिच्यापासून वस्तू करता येत नाही. बरीच वर्षं हे पॉलिमर त्या भुकटीतच अडकलं होतं.

१९९२ मध्ये सांता बार्बरा इथे योंग काओ, पॉल स्मिथ आणि हीगर यांनी आम्ल बदललं. त्यांनी कॅम्फरसल्फोनिक आम्ल घेतलं, म्हणजे आपल्या देवघरातल्या कापरापासून होणारं आम्ल. दुसरं घेतलं डोडेसिलबेन्झीनसल्फोनिक आम्ल, ज्याचा सोडियम क्षार कपडे धुण्याच्या पावडरीत असतो. या आयनांना दोन टोकं असतात. सल्फोनेटचं टोक साखळीवरच्या धनभाराला धरतं. कापराचा किंवा लांब शेपटीचा भाग विद्रावकाशी जमवून घेतो. जे पॉलिमर कुणालाच दाद देत नव्हतं ते मेटा-क्रेसॉलमध्ये विरघळू लागलं, आणि त्या द्रावणातून ओतलेल्या फिल्मची वाहकता १०० ते ४०० सिमेन्सपर्यंत गेली. क्लोराइडच्या भुकटीची वाहकता चार-पाच सिमेन्स. साखळी तीच, प्रोटॉनही तोच. बदललं ते फक्त प्रोटॉन देणाऱ्या आम्लाचं उरलेलं अंग.

इथे आणखी एक बारकावा आहे. तेच कापराचं आम्ल घातलेलं तेच पॉलिॲनिलीन क्लोरोफॉर्ममधून ओतलं तर फिल्मची वाहकता शेकडो पटींनी कमी येते. साखळ्या क्लोरोफॉर्ममध्ये गुंडाळलेल्या राहतात, मेटा-क्रेसॉलमध्ये उलगडतात, आणि विद्रावक बहुतांश उडून गेल्यावरही ती उलगडलेली ठेवण टिकते. मॅकडायर्मिड आणि आर्थर एपस्टाइन यांनी १९९४ च्या सुमारास याला दुय्यम डोपिंग म्हटलं. भारांची संख्या वाढलेली नाही, आयनही तोच, तरी वाहकता वेगळी. म्हणजे आयन भाराला किती ओढतो हा हिशेब एकटा पुरत नाही. आयनामुळे साखळ्यांना कशी बैठक मिळते, हे त्याच्या बरोबरीने पाहावं लागतं. माझ्या मते प्रतिआयनाचं खरं कर्तृत्व इथेच आहे.

सांता बार्बरातच, त्याआधी १९८७ मध्ये, याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला होता. पाटील, इकेनोए, वूडल आणि हीगर अशी लेखकांची नावं असलेल्या निबंधात पॉलिथायोफीनच्या साखळीलाच बाजूच्या फांदीने सल्फोनेट जोडून टाकला होता. प्रतिआयन बाहेरून यायचा प्रश्नच नाही, तो जन्मापासून साखळीला बांधलेला. हे पॉलिमर चक्क पाण्यात विरघळलं. स्वयंडोपित पॉलिमर या नावाची वाट इथून निघाली.

आता आजच्या घडीला सर्वांत जास्त वापरात असलेल्या वाहक पॉलिमरकडे येऊ. जर्मनीतल्या बायर कंपनीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेडॉट नावाचं पॉलिमर तयार झालं. हवेत टिकाऊ, पातळ थरात जवळजवळ पारदर्शक, पण विरघळेना. उपाय प्रतिआयनातूनच निघाला. पॉलिस्टायरीन सल्फोनेट, थोडक्यात पीएसएस, हे स्वतःच एक लांबलचक पॉलिमर आहे आणि त्याच्या कड्याकड्याला ऋणभार असतो. पेडॉटच्या आखूड साखळ्या या लांब साखळीला चिकटून पाण्यात तरंगत्या राहतात. गडद निळं, शाईसारखं द्रव मिळतं. पहिला मोठा वापर छायाचित्रणाच्या फिल्मवर झाला. फिल्म रिळावरून उलगडताना स्थिर विद्युत साठते, ठिणगी पडते आणि चित्रावर डाग उमटतो. बायरच्याच कुटुंबातल्या आगफा कंपनीने फिल्मच्या पाठीवर या द्रवाचा पातळ लेप दिला आणि ठिणगी थांबली.

या जोडीत पीएसएसचं प्रमाण किती असतं पाहा. नेहमीच्या प्रकारात वजनाने पेडॉट एक भाग आणि पीएसएस अडीच भाग. कड्यांचा हिशेब केला तर पेडॉटच्या एका कड्यामागे जवळजवळ दोन सल्फोनेट येतात. पेडॉटवर भार असतो दर तीन कड्यांमागे साधारण एक. म्हणजे सहांतला एकच सल्फोनेट प्रत्यक्षात प्रतिआयनाचं काम करतो. उरलेले पाच पाण्यात तरंगण्यासाठी हवे असतात, पण फिल्म वाळल्यावर तेच विजेच्या आड येतात. पेडॉटच्या कणांभोवती पीएसएसचं विद्युतरोधी कवच बसतं. ताज्या फिल्मची वाहकता एक सिमेन्सच्याही खाली असते. त्यात थोडं इथिलीन ग्लायकॉल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड घातलं, की दोन घटक वेगळे होऊ लागतात, पेडॉटचे कण एकमेकांना भिडतात आणि वाहकता हजाराच्या आसपास जाते. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी तीव्र सल्फ्युरिक आम्लाने जादा पीएसएस धुऊन काढून ४,३८० सिमेन्सची नोंद केली. नवा भार आणून हे साधलेलं नाही. नको असलेला ऋणभार बाहेर काढून साधलेलं आहे.

पीएसएसचे दोष तिथेच संपत नाहीत. ते आम्लधर्मी आहे, प्रकाश देणाऱ्या डायोडमधल्या आणि सौरघटांतल्या इंडियम टिन ऑक्साइडच्या थराला ते झिजवतं. ते हवेतली आर्द्रताही शोषून घेतं. म्हणून जिथे जमतं तिथे पेडॉटला टोसिलेटची जोड देतात. फेरिक टोसिलेट हा क्षार ऑक्सिडीकारकही होतो आणि प्रतिआयनही पुरवतो. लहान, चपट्या आयनामुळे पेडॉटचे थर एकमेकांवर नीट रचले जातात आणि वाहकता सहज हजाराच्या पुढे जाते. स्वीडनमधल्या लिंशेपिंग विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये याच पेडॉट-टोसिलेटमधून उष्णतेपासून वीज मिळवण्याचा उल्लेखनीय पल्ला गाठला आणि २०१४ मध्ये हा पदार्थ अर्धधातूसारखा वागतो असं मांडलं. सांगायचा मुद्दा असा की 'पेडॉटची वाहकता किती?' या प्रश्नाला उत्तरच नाही. पीएसएससह का टोसिलेटसह, हे आधी विचारावं लागतं.

मघाशी अर्धवट सोडलेल्या ओढीच्या प्रश्नाकडे आता परत जाता येईल. अडचण अशी होती की आयन बदलला की सगळंच बदलायचं: भारांची संख्या, फिल्मची ठेवण, विद्रावक. मग नेमकं कशामुळे काय झालं हे ठरवायचं कसं? २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी एक नामी युक्ती काढली. आधी एका रेणूने पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन काढायचा, आणि त्याच वेळी भोवती दुसऱ्या ऋण आयनाचा भरपूर साठा ठेवायचा. इलेक्ट्रॉन घेऊन आयन झालेला पहिला रेणू बाहेर पडतो आणि त्याची जागा दुसरा आयन घेतो. इलेक्ट्रॉन काढणारा वेगळा, प्रतिआयन म्हणून राहणारा वेगळा. ही आयनांची अदलाबदल फार मोलाची ठरली, कारण आता प्रतिआयन हवा तो निवडता येऊ लागला.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गटाने बोरॉनच्या बारा अणूंचा पुंजका गाभ्यात असलेला सुमारे दोन नॅनोमीटर व्यासाचा आयन वापरला. त्याचा ऋणभार गाभ्यात दडलेला असतो आणि भोवती जाड आवरण असतं. भारांची गतिशीलता वाढली. ओढ कमी करा, भार सुटतील, हा विचार खरा ठरल्यासारखं वाटलं. मग २०२२ मध्ये केंब्रिजच्या गटाने लहानमोठे अनेक आयन अदलाबदलीने घालून पाहिले, भारांची संख्या भरपूर ठेवली, आणि त्यांना आढळलं की वाहकतेचा आयनाच्या आकाराशी फारसा संबंध दिसत नाही. साखळ्यांची रचना किती विस्कळीत आहे याच्याशी मात्र घट्ट संबंध दिसतो.

मला या दोन निष्कर्षांत भांडण दिसत नाही. भार थोडे असतात तेव्हा प्रत्येक आयन वेगळा खड्डा असतो आणि त्याची खोली महत्त्वाची ठरते. भार दाट झाले की खड्डे एकमेकांत मिसळतात, भार एकमेकांची ओढ झाकतात, आणि मग आयनाने साखळ्यांना किती नीट किंवा किती वेडंवाकडं बसवलं हेच उरतं. उपयोगी पदार्थ नेहमी दाट भारांचे असतात. म्हणून नवा प्रतिआयन निवडणाऱ्याने त्याच्या आकाराआधी त्याची जागा बघावी: तो बाजूच्या फांद्यांमध्ये बसणार, की साखळ्यांच्या थरांमध्ये घुसून त्यांना फाकवणार.

पाण्यातल्या आयनांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण शरीराला जोडायची उपकरणं तिथूनच येणार आहेत. प्राग इथे फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं प्रथिन कोणत्या क्षाराने किती साकळतं हे मोजलं आणि आयनांची एक क्रमवारी लावली. जवळपास तसाच फरक १३० वर्षांनी पॉलिमर ट्रान्झिस्टरांत दिसला. क्लोराइड आपलं पाणी घट्ट धरून असतो, त्याला पाण्यासकट आत शिरावं लागतं आणि फिल्म फुगते. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाणी सहज सोडतो आणि तेलकट पॉलिमरमध्ये आरामात जातो, त्यामुळे ट्रान्झिस्टर चांगला चालतो. रक्तात मात्र क्लोराइडच आहे. आपल्याला पॉलिमर बदलावा लागेल, रक्त नाही.

या फुगण्याचाच उपयोग करून पॉलिपायरोलचे सूक्ष्म स्नायू केले गेले. प्रतिआयन लहान आणि हलता असेल तर ऑक्सिडीकरण झाल्यावर तो आत येतो आणि फिल्म फुगते. प्रतिआयन धुण्याच्या पावडरीतल्यासारखा लांब शेपटीचा, न हलणारा असेल तर उलट होतं: क्षपण झाल्यावर सोडियम आत येतो आणि फिल्म तेव्हा फुगते. स्नायू कोणत्या दिशेला वळणार हे आयन ठरवतो. १९८४ मध्ये झिंगर आणि मिलर यांनी ग्लुटामेट हाच प्रतिआयन म्हणून पॉलिपायरोलमध्ये भरला आणि विजेचा इशारा देऊन तो हवा तेव्हा बाहेर सोडून दाखवला. नियंत्रित औषधपुरवठ्याच्या पुढच्या कामाची सुरुवात या प्रयोगात आहे.

समोर प्राध्यापक आणि विद्यार्थी बसले आहेत, म्हणून शेवटी एक काम सुचवतो. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००२ मध्ये पॉलिॲनिलीन करण्याची एक प्रमाण कृती प्रसिद्ध केली. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड २.५९ ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात, अमोनियम परसल्फेट ५.७१ ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात, दोन्ही मिसळायचं आणि ठेवून द्यायचं. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांमधल्या आठ जणांनी ही कृती केली. ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता ४.४ सिमेन्स आली आणि त्यात १.७ चा फरक होता. एकच कृती, तरी एवढा फरक. अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: साका हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला, तरी परसल्फेटपासून झालेले काही सल्फेट आयन प्रतिआयन म्हणून त्यात राहतातच. म्हणजे अगदी प्रमाण नमुन्यातही एकच प्रतिआयन असेल याची खात्री नाही.

ही कृती आपल्या कोणत्याही महाविद्यालयात करता येते. ॲनिलीनचे क्षार विषारी आहेत, तेव्हा हातमोजे आणि वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची सोय हवीच. साका अमोनियाच्या एक मोलर द्रावणात ढवळा, हिरव्याचा निळा होईल. त्याचे दोन भाग करा. एक हायड्रोक्लोरिक आम्लात टाका, दुसरा कापराच्या आम्लात. दोन्ही पुन्हा हिरवे होतील. वाळवून गोळ्या दाबा आणि भौतिकशास्त्र विभागातल्या फोर-प्रोब यंत्रावर वाहकता मोजा. मग दोन्ही गोळ्या शंभर अंशांच्या वर काही तास तापवा आणि पुन्हा मोजा. मिळालेले आकडे वहीत लिहाल तेव्हा, आणि बाटलीवर चिठ्ठी डकवाल तेव्हा, 'पॉलिॲनिलीन' एवढंच लिहू नका. शेजारी आयनाचं नावही लिहा.